हरणांचा हाका आणि आमचे इवाई

आमच्या घराण्यात आजवर एकदाच शिकारीचा बेत आखला गेला, आणि त्यात एकाही हरणाच्या केसाला धक्का लागला नाही. (हे वनखात्याच्या माहितीसाठी.) त्या शिकारीत सापडलो फक्त मी.

आमचं रान पालमच्या पुढे, माळाला लागून आहे. माळ म्हणजे सरकारी गायरान. कागदोपत्री ते गावच्या गुरांसाठी, पण गावात आता गुरं कमी आणि ट्रॅक्टर जास्त. म्हणून तीसेक हरणांनी तिथे वहिवाट लावली आहे. दिवसभर माळावर रवंथ करत बसायचं आणि उजाडता उजाडता आमच्या तीन एकर हरभऱ्यात उतरायचं. बरं, एक झाड धड खातील तर शपथ! शेंडा खुडायचा, दोन घाटे चाखायचे की पुढचं झाड. लग्नाच्या बुफेत शहरातले पाहुणे जेवतात ना, अगदी तसं.

उपाय आम्ही केले नाहीत असं नाही. बांधावर काठ्या रोवून जुन्या साड्यांचं कुंपण घातलं. बुजगावणं उभं केलं आणि त्याला माझा जुना सफारी घातला. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्या सफारीला चौथीची पोरं घाबरली नाहीत, त्याला हरणं काय घाबरणार! एक काळवीट त्या सफारीला अंग घाशीत उभं असलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. निवृत्त झाल्यावर माणसाची किंमत काय राहते, हे मला त्या दिवशी समजलं.

पण खरं सांगतो, त्या वर्षी माझा जीव हरभऱ्यात नव्हताच. तो लेकीत अडकला होता. मे महिन्यात रेखाचं लग्न झालं. दिलं तेही लांब नाही. माळाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे आमचे इवाई निवृत्तीराव. (व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. म्हणताना मान आपोआप खाली जाते.) लग्नात मानाचा पहिला फेटा निवृत्तीरावांच्या थोरल्या भावाला बांधायचा होता. मी तो बांधला समोर रुबाबात उभ्या असलेल्या, भरघोस मिशांच्या एका गृहस्थाला. ते गृहस्थ वऱ्हाडाच्या टेम्पोचे ड्रायव्हर निघाले. ते बिचारे "मी न्हाई, मी न्हाई" म्हणत होते. मला वाटलं, थोर माणसं अशीच आढेवेढे घेतात. मी आणखी घट्ट बांधला!

निवृत्तीरावांची पक्की समजूत झाली की हे मी मुद्दाम केलं. "मास्तर मानूस हाय, शिकलेला हाय. असा मानूस चुकून काही करील व्हय?" असं ते चार लोकांत बोलून दाखवत. तेव्हापासून ते माझा फोन उचलेनात. पंचमीला लेकीला आणायला गेलो, तर म्हणे घरी काम हाय. दिवाळीला गेलो, तर म्हणे कापूस वेचायलोत. दोन्ही वेळा लेक रानात, भेटसुद्धा झाली नाही. आता पहिली संक्रांत तोंडावर आली होती. आमच्या मंडळींनी पालमच्या बाजारातून काळी साडी आणून ठेवली होती, हलव्याचे दागिने करायला घेतले होते, आणि रोज संध्याकाळी एकच प्रश्न होता.

"आवो, धाडतील ना तिला?"

"धाडतील की."

"इवायाचा फोन आला का?"

"येईल की."

पहिल्या संक्रांतीला लेक माहेरी आली नाही, तर गावात जे बोललं जातं ते कुणाला सांगायला नको. मला झोप लागत नव्हती, आणि पहाटे उठून रानात गेलो की हरणं.

अशा वेळी माझे चुलते तात्या यांनी हरणांचा प्रश्न आपल्या हाती घेतला. तात्यांचं वय चौऱ्याऐंशी. निजामाच्या काळात कुणी एक जहागीरदार आमच्या माळावर शिकारीला यायचा, तेव्हा तात्या सात वर्षांचे होते आणि त्यांनी त्याच्या घोड्याला पाणी पाजलं होतं. मी लहान असताना ही गोष्ट घोड्याच्या पाण्यापर्यंतच होती. पुढे दर वर्षी तात्यांना त्यात बढती मिळत गेली. अलीकडे त्या शिकारीचा सगळा बंदोबस्त तात्यांकडे होता, आणि जहागीरदार नुसताच सोबत असायचा.

"दत्ता," तात्या म्हणाले, "शिकार करू."

"तात्या, कायदा हाय. हरणाला हात लावला तर जेलात जावं लागतंय."

"हात कोन लावायलाय? बंदूक लांबूनच लागती!"

"आन बंदूक कुठाय?"

तात्यांनी थोडा विचार केला. बंदूक नाही, ही अडचण त्यांच्या लक्षात आली नव्हती. शेवटी मी मध्यम मार्ग काढला. शिकारीतला फक्त हाका ठेवायचा. सगळ्यांनी मिळून भांडी वाजवायची, ओरडायचं आणि कळप माळावरून पार घालवून द्यायचा. मारायचं कुणालाच नाही.

"बंदुकीबगर शिकार म्हंजी नवरीबगर लगीन," तात्या नाराज होऊन म्हणाले.

"पण वरात तर निघंल की तात्या!"

वरात म्हटल्यावर ते तयार झाले. माझा धाकटा भाऊ शेषेराव ट्रॅक्टर द्यायला तयार होताच, कारण त्याला ट्रॅक्टर काढायला कुठलंही निमित्त पुरतं. योजना आखायचं काम माझ्याकडे आलं. तीस वर्षं मी पोरांना नकाशे शिकवले. वहीचा कोरा कागद घेतला, हिरव्या पेनाने हरभरा काढला, तांबड्याने माळ, निळ्याने ओढा. हरणांसाठी तीस ठिपके दिले, त्यात काळविटांचे ठिपके जरा मोठे. आमच्या लोकांसाठी फुल्या. आणि ठिपक्यांपासून ओढ्यापर्यंत एक झोकदार बाण काढला. आयुष्यात इतका सुंदर नकाशा मी फळ्यावरसुद्धा काढला नव्हता.

मंडळींनी चहा आणता आणता तो पाहिला.

"ह्यो बाण कुठं जायलाय?"

"ओढ्याच्या पल्याड."

"पल्याड काय हाय?"

"पल्याड म्हणजे पल्याड. कागद तिथं संपलाय."

"कागद संपला म्हनून रान संपतंय का? पल्याड इवायाचा हरभरा हाय!"

हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण मनुष्य स्वतःला काय पटवून देऊ शकतो याला मर्यादा नसते. मी तिला समजावलं की एकदा भ्यालेलं हरीण थांबत नाही, ते इवायाच्या रानातून नुसतं जाईल, तिकडे दोन-तीन गावं ओलांडून मगच टेकेल. आणि वर बजावलं, "रेखाचा फोन आला तर हरणांचा विषय काढायचा न्हाई. अजिबात काढायचा न्हाई!" ती काही न बोलता कपबश्या घेऊन आत गेली. (लग्नाला बत्तीस वर्षं झाल्यावरसुद्धा तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मला लागत नाही, हा माझा दोष.)

दिवस ठरवायला वेळ लागला नाही. संक्रांतीच्या आधीची अमावास्या म्हणजे येळवस. त्या दिवशी आमच्या भागात गावात कुत्रंही राहत नाही. अख्खं घर रानात जातं, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव पुजायचे, सगळ्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील यांचं जेवण रानातच, आणि बांधावरून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही. म्हणजे माणसं फुकट, भांडी हजर आणि कुणाला संशय यायचं कारण नाही. दुपारच्या पूजेच्या आधी, नऊच्या सुमाराला हरणं घालवायची आणि हात-पाय धुऊन पूजेला बसायचं. माझ्या बुद्धीचं मला स्वतःलाच कौतुक वाटलं. अमावास्या माळाच्या पलीकडेसुद्धा त्याच दिवशी येते, हे एवढंच नजरेतून सुटलं.

येळवशीच्या सकाळी सगळं ठरल्यासारखं झालं. कळप माळाच्या मधोमध उन्हाला बसला होता. पण एखादं हरीण हरभऱ्यातच राहिलं असेल तर त्याला बाहेर पडता यावं, म्हणून मी माळाच्या बाजूच्या साड्या स्वतःच्या हाताने सोडून ठेवल्या. तात्यांना टेकाडावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी टॉवेल वर केला की निघायचं, खाली केला की थांबायचं. डावीकडे ट्रॅक्टरवर शेषेराव, उजवीकडे ताटं घेऊन आमची मंडळी आणि शेषेरावची बायको, मध्ये मी. मला वाजवायला काही उरलं नव्हतं, म्हणून घाईत पिठाची परात रिकामी केली आणि एक दांडकं घेतलं.

तात्यांनी टॉवेल वर केला. (तो माशी हाकायला केला होता, हे नंतर कळलं.) आम्ही निघालो. ट्रॅक्टरचा हॉर्न, ताटं, परात आणि माझं ओरडणं! हरणं उठली. आधी त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि शांतपणे ओढ्याच्या दिशेने चालू लागली. अगदी माझ्या बाणावरून! आनंदाने मला धाप लागली. मी परात आणखी जोरात बडवली.

तेवढ्यात ओढ्याकडून हलगी ऐकू आली.

हरणं थांबली. आम्ही थांबलो नाही, कारण तात्यांचा टॉवेल वरच होता. हलगी जवळ आली, तिच्यामागून डबे आले, शिट्ट्या आल्या, आणि ओढ्याच्या काठावर दहा-पंधरा माणसांची रांग उगवली. रांगेच्या मध्ये हातात काठी घेतलेले निवृत्तीराव होते. आणि रांगेच्या टोकाला, डोक्यावरचा पदर दाताखाली धरून तेलाचा डबा सगळ्यांपेक्षा जोरात बडवत येत होती आमची रेखा! ज्या लेकीसाठी मी रात्र-रात्र जागत होतो, ती माझ्याच दिशेने हरणं हाकलत होती. मला वाईट वाटायला हवं होतं. पण सात-आठ महिन्यांनी तिला पाहत होतो. पोरगी जरा वाळली होती. माझे डोळे भरून आले आणि हात मात्र परात बडवतच राहिले.

हरणं शहाणी. त्यांनी दोन्हीकडचा गोंधळ पाहिला, पूर्वेला मोकळा माळ पाहिला आणि चार उड्यांत टेकाडामागे दिसेनाशी झाली. आता मध्ये कुणीच नव्हतं. दोन रांगा एकमेकींवर हाका घालत चालत होत्या, आणि थांबायचं आधी कुणी, हा मानपानाचा प्रश्न होता. अखेर मी आणि निवृत्तीराव पाच पावलांवर समोरासमोर आलो. हलगी बंद पडली.

"राम राम, इवाई," मी म्हणालो.

"राम राम, गुरुजी."

निवृत्तीरावांनी काठी बगलेत मारली.

"इकडं कुठं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडंच निघालो होतो. म्हनलं येळवस हाय, जेवायला बोलवावं."

"परात घेऊन?"

मी परातीकडे पाहिलं. व्याहीभेटीत त्यांनीच दिलेली परात! कडेने सुबक अक्षरांत 'निवृत्तीराव यांजकडून सप्रेम भेट' असं कोरलेलं होतं. दांडक्याचा सगळ्यात मोठा पोचा नेमका 'निवृत्ती'वर पडला होता. मी ती पाठीमागे लपवली. पण एवढी मोठी परात माझ्या पाठीमागे मावत नाही.

"आन तुमी कुठं निघालते?" मी विषय बदलला.

"तुमालाच बोलवायला."

"हलगी लावून?"

"मग? इवायाला बोलवायचं म्हंजी वाजतगाजत नको का?" निवृत्तीराव म्हणाले. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

खोटं दोन्हीकडून सारखंच झालं होतं. आता दोघांनी मान राखून मागे फिरायचं, एवढंच बाकी होतं. मला हायसं वाटलं. पण तेवढ्यात शेषेरावने तात्यांना टेकाडावरून ट्रॅक्टरवर घालून आणलं. तात्यांना दिसतं कमी, ऐकू येतं त्याहून कमी, पण आवाज मात्र शाबूत आहे.

"दत्ता!" ते लांबूनच गरजले. "घुसली का हरनं इवायाच्या रानात?"

मी आकाशाकडे पाहिलं. तात्या खाली उतरले आणि समोरच्या माणसाला न ओळखता त्यांनी माझ्या खिशातला नकाशा काढून त्याच्याच हातात दिला. "ह्यो बगा प्लान! आमच्या दत्तानं काढलाय. लय डोकं हाय पोराला!"

निवृत्तीरावांनी नकाशा उलगडला. सरळ धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. ठिपके बोटाने मोजले. मग बाणावरून बोट ओढ्यापर्यंत नेलं आणि तिथे थांबवलं.

"गुरुजी, आमचं रान कुठाय ह्याच्यात?"

"कागद संपला," मी म्हणालो.

मी मनातल्या मनात संक्रांतीवर पाणी सोडलं. काळी साडी, हलव्याचे दागिने, सगळं गेलं. मंडळींकडे पाहायचा धीर होईना. तरी पाहिलं, तर तिच्या चेहऱ्यावर नवल म्हणून दिसेना.

"तुला ठाऊक होतं?" मी हळूच विचारलं.

"रेखानं सांगितलं परवा फोनवर. येळवशीला सकाळी हरनं हाकलनार म्हनाली, तुमच्याकडं."

"आन मला का सांगितलं न्हाई?"

"तुमीच म्हनले ना, हरनाचा विषय काढायचा न्हाई म्हनून. तिनं काढला. मी न्हाई काढला!"

तेवढ्यात रेखा ओरडली, "बाबा! हरभरा!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. टेकाडामागे गेलेला कळप वळसा घालून आमच्या बांधावर आला होता. सोडलेल्या साड्यांमधून तो एका ओळीत आत शिरत होता, कुठेही घाई नाही, ढकलाढकल नाही. शेवटचं काळवीट आत जाताना माझ्या सफारीपाशी क्षणभर थांबलंसुद्धा.

"कुंपन कोन सोडलं?" निवृत्तीरावांनी विचारलं.

"मी."

"कामून?"

"हरणांना बाहेर जायला वाट असावी म्हनून."

"आन आत यायची वाट?"

"तीच," मी म्हणालो.

निवृत्तीरावांनी नकाशाकडे पाहिलं, हरभऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, संतापले. पण ते मटकन खाली बसले, माळावरच्या दगडगोट्यांत, आणि पोट धरून हसायला लागले. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. त्यांची माणसं हसली, आमची माणसं हसली, हलगीवाल्याने दोन ठोके वाजवून घेतले. एकट्या तात्यांना काय झालं ते कळलं नाही, पण शिकार साधली असं समजून तेही हसले.

येळवशीला बांधावर आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय सोडता येत नाही, आणि इथे तर अख्खं इवायाचं घर आलं होतं. आधी कुणाच्या कोपीत जेवायचं यावर पाऊण तास "तुमी आमच्याकडं", "न्हाई, आधी तुमी आमच्याकडं" असं चाललं. तेवढा वेळ हरणंही जेवत होती. शेवटी सगळे आमच्या कोपीपाशी बसले. रेखा आईला चिकटून बसली होती आणि दोघी सारख्या कुजबुजत होत्या. मी पंगतीत आंबील वाढत होतो. संक्रांतीचं विचारायचं कसं? आणि विचारलं तर उत्तर काय येणार?

निवृत्तीरावांनी दोन तांबे आंबील संपवली, मिशी पुसली आणि सगळ्यांसमोर माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"गुरुजी, आठ महिने मी म्हनत होतो, ह्या मानसानं लग्नात डाव टाकून आमचा अपमान केला. लोकाला सांगत फिरलो. आज मात्र खातरी पटली. डाव टाकनं हे तुमच्या हातचं कामच न्हाई! माफ करा मला. लेकीला आजच घेऊन जा. चांगली संक्रांत होऊ द्या, मग आमी येतो न्यायला."

आयुष्यात माझ्या अकलेविषयी इतकं वाईट कुणी बोललं नव्हतं, आणि बोलणं ऐकून मला इतका आनंदही कधी झाला नव्हता. मी हात जोडून म्हणालो, "इवाई, माझ्यावर विश्वास नसंल तर आमच्या घरच्यांना विचारा!"

विचारायची गरजच पडली नाही. मंडळी केव्हाची मान डोलावत होत्या, आणि रेखाने तर त्यांच्याही आधी सुरुवात केली होती.